नाणी घासू नका, आधी तोला : नाणेसंग्राहकांचे प्रश्न

प्रश्न : जुन्या बाजारात एक मोठे पांढरे नाणे मिळाले. एका बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी असलेली स्त्री, खाली १९११ साल. दुसऱ्या बाजूला चिनी आणि उर्दूसारखी अक्षरे. वजन २१.८ ग्रॅम भरले. लोहचुंबकाला चिकटत नाही. विक्रेता चांदीचे म्हणतो. खरे असेल का?
— वाचक, पुणे

उत्तर : नाही. वजनानेच निकाल लावला आहे. ही ब्रिटिश व्यापारी डॉलरची नक्कल आहे. अस्सल डॉलर १८९५ ते १९३५ या काळात हाँगकाँग आणि मलायाकडच्या व्यापारासाठी पाडला गेला, आणि त्यातला फार मोठा हिस्सा मुंबईच्या टांकसाळीतून बाहेर पडला. म्हणून हे नाणे आपल्याकडच्या संग्राहकांना जवळचे वाटते आणि म्हणूनच त्याच्या नकलांचा आपल्याकडे सुळसुळाट आहे.

अस्सल डॉलरचे वजन २६.९५ ग्रॅम, व्यास ३९ मिलिमीटर आणि हजार भागांत ९०० भाग चांदी. हातोहात फिरून झिजलेले नाणे अर्धा-पाऊण ग्रॅम कमी भरू शकते. पाच ग्रॅम झीज झाली असती तर नाण्यावर साल वाचायलाही उरले नसते. लोहचुंबकाला न चिकटणे हा चांदीचा पुरावा नव्हे. पितळ, तांबे, जस्त, शिसे यांपैकी काहीच चिकटत नाही.

हल्लीच्या चांगल्या नकला मात्र वजनाला बरोबर उतरतात, म्हणून पाण्याची परीक्षा शिकून घ्या. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सराफी खिसाकाटा लागतो. आधी दहा रुपयांचे नवे नाणे ठेवून काटा तपासा, ते ७.७ ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. मग डॉलर कोरडा तोला आणि आकडा लिहून ठेवा. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे धरा. तळाला किंवा काचेला ते टेकता कामा नये, टेकले की सगळे गणित फसते. काट्यावर आता जो आकडा दिसेल, त्याने कोरड्या वजनाला भागायचे. अस्सल डॉलरला पाण्यात २.६ च्या आसपास आकडा येतो आणि भागाकार १०.३ निघतो. तांबे-निकेलच्या गाभ्यावर चांदीचा मुलामा असेल तर आकडा ३ च्या पुढे जातो आणि भागाकार ८.९ वर येतो. नाण्याला बुडबुडे चिकटले तर उत्तर चुकते. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि नाणे हलकेच हलवून घ्या. तुमच्या नाण्याचा व्यास आणि जाडी अस्सलइतकी असेल तर भागाकार ८.४ च्या आसपास येईल. ही पितळेची घनता आहे.

त्यानंतर भिंग घ्या. मुंबईच्या नाण्यावर त्रिशूळाच्या मधल्या पात्यावर इंग्रजी ‘बी’ हे इवलेसे अक्षर असते. कलकत्त्याच्या नाण्यावर ‘सी’ असते, ते डाव्या पायाच्या आणि ढालीच्या मध्ये जमिनीवर. अक्षरच नसेल तर लगेच नक्कल म्हणू नका. १९२५ आणि १९३० मध्ये लंडनला पाडलेल्या डॉलरवर खूण नाही. १९११ चे नाणे मात्र बिनखुणेचे असूच शकत नाही. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा मऊ, गोलसर दिसतात, सपाट भागात सुईच्या टोकाएवढे खळगे दिसतात आणि कडेवरच्या दात्यांमधून जोडाची रेघ किंवा कानशीचे ओरखडे जातात. साच्याखाली दाबून पाडलेल्या नाण्यात अक्षर सपाट भागातून ताठ उभे राहते. हा फरक डोळ्यात बसण्यासाठी एखादा अस्सल, झिजका, स्वस्तातला राणीछाप रुपया शेजारी ठेवून बघा.

नाण्यावर चिनी सराफांचे बारीक ठसे असतील तर त्यांवर विसंबू नका. अस्सल डॉलरवरही ते आढळतात, पण नकला करणारेही ते हौसेने मारतात.

प्रश्न : १९४७ चा रुपया लोहचुंबकाला चिकटतो. फसवणूक झाली का?
— वाचक, सांगली

उत्तर : नाही, चिकटायलाच हवा. १९४७ चे रुपये निकेलचे आहेत. १९४० ते १९४५ चे रुपये निम्म्या चांदीचे, आणि त्याआधीचे हजारात ९१७ चांदीचे. या सर्व चांदीच्या रुपयांचे वजन एकच, ११.६६ ग्रॅम. त्यातला एखादा चिकटला तर तो परत करा. १९३९ चा रुपया कोणी किरकोळ भावात देत असेल तर तोही घेऊ नका. तो दुर्मीळ आहे आणि इतर सालांच्या नाण्यावर आकडा कोरून बनवला जातो.

प्रश्न : अल्बममध्ये ठेवलेल्या नाण्यांवर हिरवा, चिकट थर आला आहे. काही तांब्याच्या नाण्यांवर फिकट हिरवी भुकटीही दिसते. चिंचेने घासून चालेल का? पावसाळ्यात नाणी कशी ठेवावीत?
— वाचक, चिपळूण

उत्तर : चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राख, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नका. आंबट पदार्थ धातूचा वरचा थर खातात, पावडरी बारीक रेघा पाडतात. नाणे लखलखते खरे, पण पाडताना आलेली मूळ झळाळी कायमची जाते आणि संग्राहक ते नाणे हातात फिरवताच ओळखतो. घासलेल्या नाण्याची किंमत निम्म्याहूनही खाली येते. आमच्या मते काळवंडलेली, पण हात न लावलेली चांदी घासलेल्या चांदीपेक्षा केव्हाही चांगली.

तुमच्याकडे दोन वेगळे रोग आहेत. चिकट हिरवा थर अल्बमच्या मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकमुळे आला. ते मऊ राहावे म्हणून त्यात घातलेली रसायने उन्हाळ्यात आणि दमटपणात पाझरतात, आणि प्लॅस्टिक कुजताना आम्ल सुटते. नवी पाने उघडताच प्लॅस्टिकच्या पडद्यासारखा वास आला तर ती पीव्हीसीची समजा.

हा थर शुद्ध ॲसिटोनने निघतो. प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानातून घ्या. नखांचे पॉलिश काढायच्या द्रावणात तेल, रंग आणि सुवास असतो, ते चालत नाही. ॲसिटोन भुर्रकन पेटते, म्हणून खिडक्या उघडा आणि गॅस, उदबत्ती, देवाजवळचा दिवा सगळे बंद ठेवा. काचेची वाटी घ्या, कारण बरीच प्लॅस्टिके त्यात विरघळतात. नाणे बुडेल इतके ॲसिटोन ओतून वर काचेचे झाकण ठेवा, पाच-दहा मिनिटांनी नाणे उलटा, पुन्हा तितकाच वेळ ठेवा. मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये बुचकळून मऊ सुती कापडावर ठेवा. पुसू नका, ते आपोआप उडून जाते. पहिल्याच ॲसिटोनमध्ये सगळी नाणी एकामागून एक काढलीत तर विरघळलेली घाण पुढच्या नाण्यावर पातळ थराने बसते. बहुतेकांचे इथेच बिघडते. थराखाली धातू खाल्ला गेला असेल तर खड्डा राहील, त्याला उपाय नाही.

फिकट हिरवी भुकटी हा तांब्याचा रोग आहे. खारी हवा किंवा घामातले क्षार तांब्याशी मिळून ती तयार होते आणि ओल मिळाली की आत खात जाते. अशी नाणी आजच वेगळी करा. भुकटी लाकडी दातकोरणीने, भिंगाखाली, हलक्या हाताने खरवडा. मग नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही आठवडे बुडवून ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. नळाचे पाणी वापरू नका, त्यातले क्लोरीन हाच रोग वाढवते. शेवटी ॲसिटोनमध्ये बुचकळा, म्हणजे फटींतले पाणी निघून जाईल. महिनाभर एकटे ठेवून बघा. भुकटी पुन्हा आली तर सगळे पुन्हा करा.

ठेवण्यासाठी पाच सेंटिमीटर चौरस पुठ्ठ्याची पाकिटे घ्या, खिडकी मायलरची, म्हणजे पारदर्शक पॉलिस्टरच्या पातळ पापुद्र्याची असलेली. स्टेपल मारल्यावर पिना पक्कडीने सपाट दाबा, नाही तर शेजारच्या नाण्यावर ओरखडा येतो. पाकीट उघडताना मात्र पिना आधी काढा. पुठ्ठा फाडून नाणे ओढले की पिनेचे टोक राजाच्या गालावरून फिरते. डबा हवाबंद असावा, लाकडी किंवा प्लायवूडचा नको, त्यांतून आम्लाची वाफ सुटते. रबरबँड आणि वर्तमानपत्र डब्यात कधीच नको. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. सिलिका जेलच्या नारिंगी दाण्यांच्या पुड्या ठेवा. ओल शोषली की दाणे हिरवे पडतात. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा नारिंगी होतात. कोकणात जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बघा. नाणे कायम कडेनेच धरायचे.

प्रश्न : किलोवर मिळालेल्या परदेशी नाण्यांत एकावर देवनागरीत २०२८ आहे, एकावर अरबी आकड्यांत १२९३ आणि वेगळा २५. साल कसे काढायचे?
— वाचक, नागपूर

उत्तर : पहिले नाणे नेपाळचे. तिथे विक्रम संवत चालतो. ५७ वजा करा, १९७१ आले. वर्षाच्या शेवटच्या तीन-साडेतीन महिन्यांसाठी ५६ वजा होतात, पण नाण्यावर महिना नसल्याने ५७ धरतात.

दुसरे नाणे उस्मानी सुलतान दुसरा अब्दुल हमीद याचे. उस्मानी नाण्यांवर बरेचदा सुलतान गादीवर आला ते हिजरी साल कायम राहते आणि कारकिर्दीचे वर्ष वेगळे दिले जाते. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून नुसते ६२२ मिळवून भागत नाही. आधी तीन टक्के वजा करा : १२९३ मधून ३९ गेले, १२५४ राहिले. त्यात ६२२ मिळवा, १८७६. पंचविसावे वर्ष म्हणजे आणखी चोवीस, म्हणजे नाणे १९०० च्या सुमाराचे. इस्तंबूल की इजिप्त, हे टांकसाळीच्या नावावरून कळेल.

अरबी आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे. शून्य म्हणजे नुसते टिंब, पाच म्हणजे पोकळ गोल किंवा उलटे बदाम. सात म्हणजे वर उघडलेल्या दोन तिरक्या रेघा, आठ म्हणजे त्याच उलट्या. नवखे लोक सात-आठमध्ये हमखास चुकतात, कारण नाणे उलटे धरले की एकाचा दुसरा होतो.

अशा ढिगात थायलंडचीही नाणी निघतील. त्यांच्या बुद्ध संवतातून ५४३ वजा करा : २५०५ म्हणजे १९६२. जपानच्या नाण्यावर सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष असते. शोवा असेल तर १९२५ मिळवा, ताइशो असेल तर १९११, मेइजी असेल तर १८६७. दुसऱ्या महायुद्धाआधीची जपानी नाणी उजवीकडून डावीकडे वाचायची. साल निघाले की देश, किंमत, धातू आणि व्यास टाकून नुमिस्टा या संकेतस्थळावर शोधा आणि तिथला केएम क्रमांक (क्राउस-मिशलर यादीतला त्या नाण्याचा क्रमांक) पाकिटावर पेन्सिलीने लिहा. पेनची शाई पुठ्ठ्यातून पाझरते.

प्रश्न : मस्कतच्या बाजारात १७८० सालचा मोठा चांदीचा शिक्का घेतला, त्यावर जाडजूड राणीचे चित्र आहे. सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे का?
— वाचक, मस्कत

उत्तर : बहुधा नाही, पण तो नकलीही नाही. हा मारिया तेरेसा थालर, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राणीचे चित्र असलेले चांदीचे नाणे. राणी १७८० मध्ये वारली आणि तेच साल ठेवून थालर पुढे पाडला जात राहिला. अरबस्तान आणि इथिओपियात लोकांना दुसरे नाणे नको होते. १९३५ मध्ये इटलीने व्हिएन्नाकडून साचे मिळवले, मग लंडन, पॅरिस, ब्रसेल्स येथेही थालर पडला, आणि १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी हजारात ८३३, व्यास ४० मिलिमीटरच्या आसपास. पाण्याची परीक्षा घेतली तर आकडा २.७५ आणि भागाकार १०.२ यावा. कडेवर ‘न्याय आणि दया’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द उठावात असतात. कड गुळगुळीत किंवा दातेरी असेल तर घेऊ नका. दागिन्यात वापरलेल्या थालरला कडी डकवलेली असते. ती काढली तरी डाग राहतो आणि वजनही फसते, म्हणून डाग दिसला तर चांदीच्या भावापेक्षा जास्त देऊ नका.

प्रश्न : आजोबांचे राणीछाप रुपये मुलाकडे अमेरिकेला पाठवायचे आहेत. टपालाने पाठवले तर?
— वाचक, ठाणे

उत्तर : पाठवू नका. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावशेष ठरते, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेला आहे. नाणे तुमच्या घरचे असले, मुलाच्या सामानातून नेले, भेट म्हणून दिले, तरी नियम तोच. व्हिक्टोरिया आणि सातवा एडवर्ड यांची सगळी नाणी यात येतात, पंचम जॉर्जची आधीची बरीच येतात. १९४० नंतरचे अर्ध्या चांदीचे आणि निकेलचे रुपये अजून शंभरीत नाहीत. ते नेताना शंका निघू नये म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावशेष नसल्याचा दाखला घेता येतो. राणीछाप रुपयांचे दोन्ही बाजूंचे चांगले फोटो, वजन आणि साल लिहून यादी मुलाला पाठवा, नाणी इथेच राहू द्या.

प्रश्न : वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला दहा लाख देतो असा फोन आला. नोंदणीसाठी आधी साडेतीन हजार मागतात.
— वाचक, लातूर

उत्तर : पैसे भरू नका, खात्याची माहिती देऊ नका. हे नाणे २०१२ चे, मुबलक पाडलेले आहे. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँक पडत नाही आणि तिच्या नावाने शुल्क मागणारे फसवे आहेत, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. खरा घेणारा आधी नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन विचारतो. पैसे भरले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर कळवा.