मिरी गेली त्या सकाळबद्दल

प्रिय बाळा,

तुझा मेल आत्ताच वाचला. रात्री अकराला तुझ्या हातातली सूर्यफुलाची बी घेऊन तुझी जर्बिल, ती उंदरासारखी चिमुकली मिरी, काचेच्या टाकीतल्या बिळात पळाली आणि सकाळी सातला गार पडली होती. खाली एकच ओळ, "मावशी, माझं काय चुकलं?"

आधी एक घाईचं सांगते. मिरी कशानं गेली हे शोधायचं असेल तर आजच व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, फोन कर. मेलेल्या प्राण्याची तपासणी करता येते, पण त्याला वेळ लावून चालत नाही. तोवर तिला दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेव. फ्रीझरमध्ये नको, गोठलं की तपासणीत नीट कळत नाही. आईला विचित्र वाटेल, तिच्याशी मी बोलते. तपासूनही कारण सापडेलच असं नाही, ही तयारी मात्र मनाची ठेव.

इंग्लंडातल्या या घरात मी बारा वर्षं जर्बिल पाळले. आमचा पहिला गोटू असाच गेला. आदल्या दिवशी मी त्याला काकडीचा तुकडा दिला होता. पुढचे तीन आठवडे मी त्या काकडीला धरून बसले होते. धुतली नव्हती का? थंड होती का? खिडकी उघडी राहिली का? रात्री उठून त्याच्या भावाच्या टाकीपाशी कान लावायचे.

खूप नंतर मला एक गोष्ट उमगली. हे मंगोलियाच्या माळरानातले जीव, घार-कोल्ह्यांचं भक्ष्य. आजारी दिसला तो आधी उचलला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्यांच्या रक्तातच आहे. हृदय बंद पडणं, पक्षाघात, आतड्या-यकृताचा एखादा झपाट्याचा संसर्ग, यातलं काहीही एका रात्रीत होऊ शकतं. फिट येणं तर त्यांच्यात आनुवंशिकच आहे. 1935 मध्ये जपानी संशोधकांनी थोडे जर्बिल पकडून नेले, त्यांच्यातले काही 1954 मध्ये अमेरिकेत गेले, आणि पाळीव जर्बिलांचा मोठा गोतावळा त्या मूठभरांचाच. अकराला मिरी बी घेऊन पळाली ना? मग तुला ती ठीक दिसली, हे तू बरोबरच पाहिलंस. नसलेली खूण तुझ्या नजरेतून सुटली कशी म्हणायची?

आजी फोनवर "उंदराचं कसलं गं सुतक" म्हणाली, हे वाचून मला वाईट वाटलं. तिच्या लेखी उंदीर म्हणजे धान्याच्या कणगीतला चोर, ती तरी काय करणार. तिच्याशी वाद घालू नकोस. पण रडू आलं तर गिळूही नकोस. दोन वर्षं रोज जिला हातानं भरवलंस, तिच्यासाठी रडायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता मिरीच्या टाकीतल्या सोबतिणीकडे, जिरीकडे बघ. संसर्ग असेल तर तिलाही धोका आहे. टाकीतलं सगळं अंथरूण, पुठ्ठे, लाकडी खेळणी टाकून दे. काच पातळ ब्लीचनं धू, खळखळून विसळ आणि पूर्ण वाळव. मिरीनं कुरतडलेली ती नळकांडी तुला ठेवायची असेल, कळतं मला. फोटो काढ आणि टाकून दे. जिरी अंग फुगवून कोपऱ्यात बसली, खाईना किंवा शी पातळ झाली, तर त्याच दिवशी व्हेटकडे ने, सकाळची वाट बघू नकोस.

ती मागचे पाय आपटून धपधप करेल, बीळ पुन्हा पुन्हा उकरेल. संध्याकाळी तिच्याजवळ जास्त बस. लगेच नवी मैत्रीण आणून सोडू नकोस. अनोळखी वासाच्या जर्बिलवर त्या तुटून पडतात, जीवही घेतात. दोन-तीन आठवडे जिरी धडधाकट राहिली की मग बोलू. टाकीत मधे जाळी लावून, रोज दोघींच्या बाजू बदलून ओळख कशी करायची ते मी येऊन दाखवेन.

मिरीला बागेत पुरणार असाल तर बाबांना दोन फूट तरी खोल खणायला सांग. कोल्हे उकरतात. रविवारी फोन करते. तेव्हा मिरी बी कशी सोलायची ते मला सगळं सांग, मी तिला फक्त दोनदाच पाहिलं होतं.

तुझी,
मावशी