बदामाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लाखो फॉलोअर्स असलेल्या एका पाककृतीच्या खात्याखाली तुम्ही लिहिलंत, "सांगितल्याप्रमाणे केली, पण चकली तेलात विरघळली, काय चुकलं?" त्यावर उत्तर आलं, "खूप खूप धन्यवाद ताई" आणि पुढे एक लाल बदाम. ही माणसं आपलं वाचतात तरी का, असं तुम्ही विचारताय. चकलीचं शेवटी सांगते. आधी बदामाचं.

मी सहा वर्षं एका संस्थेचं पान चालवलं आहे, त्यामुळे खिडकीच्या आतल्या बाजूला बसून झालंय. सुरुवातीला वाचतात. दिवसाला पंधरा-वीस कमेंट असतात तोवर माणूस नावानिशी ओळखतो, कोण खोचक लिहिणार हेही ठाऊक असतं. आकडा शेकड्यांत गेला की तयार उत्तरांची यादी बनते. आमच्याकडे एक्सेलमध्ये सव्वीस होती. "छान" दिसलं की चार नंबरचं, "कुठे मिळेल" दिसलं की अकरा नंबरचं. एकदा एका बाईंनी लिहिलं होतं की तुमचं पान आई रोज वाचायची, ती गेल्या आठवड्यात गेली. त्याखाली आमचं उत्तर होतं, "मनापासून आभार, असाच लोभ असू द्या!" ते मीच टाकलं होतं. "रोज वाचायची" एवढंच दिसलं, पुढचं वाक्य डोळ्यांनी वाचलंच नाही. दोन दिवसांनी कुणीतरी दाखवलं, तोवर त्या बाई पान सोडून गेल्या होत्या.

मग उत्तर द्यायचंच कशाला? कारण त्याला भाव आहे. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने जाहीर केलं की ज्या पोस्टवर लोक आपसांत बोलतात ती वर दाखवू. हेतू चांगला सांगितला होता. आमच्यापर्यंत मात्र तो "कमेंट वाढवा" एवढाच पोचला. "लाइक करा, टॅग करा" अशी उघड भीक मागणाऱ्या पोस्ट खाली ढकलू, हे त्यांनी महिनाभर आधीच सांगितलं होतं, म्हणून भीक जरा सोज्वळ झाली: "तुमच्याकडे या भाजीला काय म्हणतात? नक्की सांगा!" तीनशे लोक सांगतात. विचारणाऱ्याला त्यातलं एकही नाव नको असतं. आणि तुमच्या कमेंटखाली "धन्यवाद" टाकलं की आकडा आणखी एकाने वाढतो.

पण खातं मोठं झालं की संवाद मरतोच, हे मला मान्य नाही. सुषमा स्वराज 2014 ते 2019 परराष्ट्रमंत्री होत्या. परदेशात अडकलेले, पासपोर्ट हरवलेले लोक त्यांना थेट ट्विटरवर गाठायचे, आणि त्या उत्तर देऊन दूतावासाला कामाला लावायच्या. 2016 मध्ये एकाने बिघडलेल्या फ्रिजची तक्रार त्यांच्याकडे केली. बंधू, फ्रिजच्या बाबतीत मी काही करू शकत नाही, मी संकटातल्या माणसांमध्ये गुंतले आहे, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. नकारच होता, पण त्याचाच होता. दुसऱ्या कुणाला तो चिकटवता आला नसता. किंवा नोव्हेंबर 2015 घ्या. शेगावजवळ रेल्वेत एक प्रवासी त्रास देतोय म्हणून एका महिलेने रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंना ट्विट केलं, आणि गाडी भुसावळला पोचली तेव्हा पोलीस मदतीला आले.

मुंबई पोलिसांचं खातं डिसेंबर 2015 पासूनचं. त्यांच्या कोट्या आपण सगळेच पुढे ढकलतो. मला विचाराल तर त्या कोट्या म्हणजे जाहिरातच, उत्तम पण एकतर्फी. खरा संवाद त्या खात्याच्या कंटाळवाण्या भागात आहे: कुणी तक्रार केली की खाली येणारं "आम्ही तुम्हाला फॉलो केलं आहे, संपर्काचा तपशील डीएम करा". हेही छापील वाक्य आहे, माझ्या अकरा नंबरसारखंच. फरक एवढाच की त्यानंतर पलीकडे कुणीतरी नंबर टिपून घेतं. म्हणून उत्तराचे शब्द किती गोड आहेत ते पाहू नका. उत्तरानंतर पलीकडे काही हललं का, ते पाहा.

एकतर्फी बोलण्यात वाईट काही नाही, हेही सांगून टाकते. रविवारचा मेगाब्लॉक, हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट यांनी माझी विचारपूस करावी अशी अपेक्षा नसते. व्हॉट्सअ‍ॅपचे चॅनेल 2023 च्या सप्टेंबरमध्ये आपल्याकडे आले, तेव्हा खाली लिहायला जागाच नव्हती, फक्त इमोजी. मला ते प्रामाणिक वाटलं. मला खटकतं ते लाखोंना "आपलं कुटुंब" म्हणणं. हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1956 मध्येच टीव्ही-रेडिओवरच्या निवेदकांबद्दल हे लिहून ठेवलंय: प्रेक्षकाला जवळीक वाटते, पण दोर पूर्ण एकाच्याच हातात. तेव्हा निदान पडद्याखाली उत्तराची चौकट नव्हती. आता ती आहे, त्यामुळे उत्तर न आल्यावर आपलंच काही चुकलं असं वाटतं. तुमच्या प्रश्नातही तो सूर आहे. तुमचं काही चुकलेलं नाही.

मी काय करते? मोठ्या खात्यावर व्हिडिओ बघते आणि प्रश्न खालच्या कमेंटमधल्या एखाद्या काकूंना विचारते. "मी अशी केली, कुरकुरीत झाली" असं लिहिणाऱ्या बाईला थेट. बहुतेक वेळा सविस्तर उत्तर येतं, कधी त्यात सासूबाईंची पद्धतही येते.

आता चकली. विरघळली म्हणजे बहुधा मोहन जास्त झालं, नाहीतर तेल पुरेसं तापलं नव्हतं. वाटीभर भाजणीला एक मोठा चमचा कडकडीत तेल पुरतं. उरलेल्या पिठात थोडी कोरडी भाजणी मळून एकच चकली तळून बघा, सगळा घाणा एकदम टाकू नका. आणि मला सांगा, मोहन नेमकं किती घातलं होतंत? भाजणी घरची की विकतची?