नेफ्रॉन कुठं गेला?

चि. लेकरास,

तुझा निरोप वाचला. लातूरला सराव परीक्षेत नेफ्रॉनचा, म्हणजे मूत्रपिंडातल्या बारीक गाळणीचा, प्रश्न आला अन् डोकं कोरं झालं. बाहेर येऊन रिक्षात बसलीस तर सगळा धडा आठवला. त्यावरून ‘माझ्यात दमच नाही’ असं ठरवून मोकळी झालीस. तसं नाही गं.

घाबरलं की अंगात कॉर्टिसोल नावाचं ताणाचं संप्रेरक वाढतं आणि ते पाठ असलेलं वर येऊ देत नाही. २००० साली एका प्रयोगात धडधाकट माणसांना शब्द पाठ करायला दिले. दुसऱ्या दिवशी विचारण्याच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी दिली (अंगात गेल्यावर त्याचंच कॉर्टिसोल होतं), तर कमी शब्द आठवले. पाठांतर तेच, फक्त काढायची वाट अडली.

मग भूकंप मला इतका लख्ख कसा आठवतो, असं तू मागं विचारलं होतंस. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून झोपलो होतो. आमचं गाव किल्लारीपासून जवळच. माळवदाची माती तोंडात गेली, तिची चव अजून जिभेवर आहे. भीती घटनेच्या वेळीच आली की अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक आणि मेंदूतला भावना हाताळणारा भाग, अमिग्डाला, ती आठवण घट्ट बसवतात. बसवताना मदत करणारी भीती काढताना आडवी येते.

आणि घट्ट बसलेलं सगळं खरंच असतं असंही नाही. मी कित्येक वर्षं सांगत आलो, काळोख गुडूप होता. थोरला भाऊ म्हणतो, चांदण्यात एकमेकांचे चेहरे दिसत होते. चतुर्दशीनंतरची पहाट ती, चंद्र मावळायचा होता. भाऊच बरोबर असणार. तुलाही त्या पेपरातले अडलेले प्रश्नच तेवढे आठवत असतील. पेपर काढ आणि बरोबर आलेले मोज.

आता धडा वाचत बसू नकोस. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर नेफ्रॉन काढ, चुकलं तर बघून पुन्हा काढ. २०१६ सालच्या एका प्रयोगात असं आठवून आठवून शिकलेल्यांची स्मृती ताणाखालीही टिकली, नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांची ढासळली. माझा सगळा भर यावरच आहे. घड्याळ लावून, अनोळखी खोलीत बसून काढलंस तर आणखी बरं. पेपरात अडलं तर पुढं सरक, मागून ये.

रविवारी सकाळी कोरे कागद घेऊन ये. मी विचारतो, तू काढ. जेवायला इकडंच आहेस, आईला सांगून ठेव.

तुझे सर