दोन क्रीन, डॉक्टर एकच

प्रश्न : आयर्लंडकडून रग्बी खेळलेले डॉ. थॉमस क्रीन आणि अंटार्क्टिकाच्या मोहिमांतले टॉम क्रीन एकच का? आणि १८९४ साली आयर्लंडने तीन सामन्यांत मिळून १५च गुण करून ट्रिपल क्राऊन जिंकला कसा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : माणसं दोन. घोटाळा होणं साहजिक आहे, कारण दोघेही आयरिश, जन्म १८७०च्या दशकातले आणि शौर्यपदकही दोघांना. अंटार्क्टिकावाले क्रीन केरी परगण्यातले, नौदलात खलाशी. त्यांना अल्बर्ट मेडल मिळालं. व्हिक्टोरिया क्रॉस डॉक्टरांचा. ते डब्लिनचे, जन्म १८७३.

आधी गुणांचं. ट्रिपल क्राऊन म्हणजे एकाच हंगामात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या तिघांना हरवणं. ट्रायला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवण्याला) आज ५ गुण मिळतात, तेव्हा ३ मिळत. कन्व्हर्जनला (ट्रायनंतरच्या किकवरच्या गोलला) २, पेनल्टीला ३ आणि ड्रॉप गोलला, म्हणजे चालू खेळात चेंडू टप्पा घेताच मारलेल्या गोलला, चक्क ४! इंग्लंडला ७-५ हरवलं ते एक ट्राय आणि एका ड्रॉप गोलवर. स्कॉटलंडविरुद्ध ५-०, म्हणजे एक ट्राय, वर कन्व्हर्जन. वेल्सविरुद्ध ३-०, नुसत्या एका पेनल्टीवर. क्रीन तिन्ही सामन्यांत फॉरवर्ड होते. १८९६पर्यंत एकूण ९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले.

त्याच वर्षी ब्रिटिश बेटांच्या संघातून ते दक्षिण आफ्रिकेला गेले. संघ २१ सामने खेळून, एकच हरून परतला. क्रीन डॉक्टरकी करायला जोहान्सबर्गलाच राहिले. १८९९मध्ये ब्रिटिश आणि तिथले डच वंशाचे बोअर यांच्यात युद्ध पेटल्यावर ब्रिटिशांच्या इम्पीरियल लाइट हॉर्स पलटणीत भरती झाले, तेही साधे घोडेस्वार म्हणून. दौऱ्यातले त्यांचे सोबती रॉबर्ट जॉन्स्टन याच पलटणीत होते आणि व्हिक्टोरिया क्रॉस त्यांनाही मिळाला. दोघे डब्लिनच्या एकाच क्लबचे, वाँडरर्सचे.

क्रीन यांचा पराक्रम १८ डिसेंबर १९०१चा, टायगरक्लूफचा. तोवर ते पलटणीचे डॉक्टर झाले होते. बोअर बंदुका १५० यार्डांवर, म्हणजे जेमतेम १३७ मीटरवर. रग्बीच्या मैदानात दोन गोलरेषांमध्येच १०० मीटर असतात, त्यावरून अंदाज करा. जखमींना पट्ट्या बांधताना त्यांना गोळी लागली; तरी काम चालूच. दुसरी लागली तेव्हा हात थांबले. हे काही वाचत नाहीत, असंच आधी सगळ्यांना वाटलं. वाचले, पहिल्या महायुद्धात पुन्हा गणवेशात आले, १९१५मध्ये डी.एस.ओ. हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळवला. १९२३मध्ये गेले, वयाच्या ४९व्या वर्षी.

एक खूण ध्यानात ठेवा : कुत्र्याची पिल्लं कवेत घेतलेला फोटो दिसला, तर तो खलाशी क्रीन यांचा.