जानेवारीत कुरियरनं आलेली अ‍ॅक्वेरियमची रोपं लिबलिबीत झाली, फेकून द्यावीत का?

फेकू नका भाऊ, इतक्यात तरी नाही. तुम्ही लिहिलंय की कोलकात्याहून आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावला पार्सल यायला पाच दिवस लागले, पानं पारदर्शक होऊन काळी पडली, आणि विक्रेता म्हणतो, तुमच्याकडं बर्फ पडत नाही तर थंडीनं काय होणार? त्याचं हे म्हणणं चूक आहे.

उष्ण प्रदेशातल्या रोपांना मरायला बर्फ लागत नाही. पारा १०-१२ अंशांखाली जाऊन रात्रभर तिथंच राहिला, की पेशींच्या पडद्यातली स्निग्ध द्रव्यं हिवाळ्यातल्या खोबरेल तेलासारखी थिजतात. पडदा गळका होतो, आतला रस झिरपतो. डबा उघडताना पान हिरवंगारही दिसेल. ऊब मिळाल्यावर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. म्हणून विक्रेत्याला वाटतं की बिघाड तुमच्या टाकीत झाला. आपल्याकडची थंडी काही थोडी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता! असल्या लाटेत पार्सल पत्र्याच्या गोदामात एक रात्र राहिलं तरी पुरे.

पण पान गेलं म्हणजे रोप गेलं असं नाही. अनुबियास, जावा फर्न असेल तर त्याचं जाड आडवं खोड बोटानं दाबून बघा. टणक असेल तर जीव आहे. मऊ पडून वास येत असेल तर चांगला भाग लागेपर्यंत कापत जा. क्रिप्टोकोरायनीची सगळी पानं गळाली तरी मुळं पांढरी, घट्ट असली की काही आठवड्यांत नवं पान फुटतं. ती तर नुसत्या जागाबदलानंही पानं टाकते, तेव्हा एकट्या तिच्यावरून थंडीचा निकाल लावू नका. काबोंबाचं खोडच विरघळलं असेल तर मात्र आशा कमी. शेंड्याचा टणक तुकडा मिळाला तर तेवढा ठेवा.

सडकी पानं आजच काढा. कुजताना त्यांतून अमोनिया सुटतो, आणि तो माशांना मारतो. उरलेली रोपं वेगळ्या बादलीत, घरात सावलीला ठेवा. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं ताजं काढलेलं घ्या, ते पहाटेही कोमट असतं. गच्चीवरच्या टाकीतलं नको. ऊब द्यायची म्हणून उन्हात ठेवू नका, आणि नवं पान दिसेपर्यंत खत घालू नका.

पुढची ऑर्डर फेब्रुवारीत द्या. त्याआधी हवीच असेल तर थर्माकोलचा डबा मागा, सोमवारी पाठवायला सांगा म्हणजे मध्ये रविवार येणार नाही, आणि पार्सल तालुक्याला पोचल्या दिवशीच स्वतः जाऊन उचला. तोवर टाकी रिकामी वाटत असेल तर हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतच उगवतात, आपला हिवाळा त्यांना सोसतो. एखाद्या बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, मालकाला विचारून मूठभर आणा, धुवा, आणि दिसतील त्या गोगलगायी काढून टाकत काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवा. नवेगावच्या अभयारण्यातून मात्र काही उचलू नका.