इंजिन खोलायच्या आधी वायरी बघा

प्रश्न : माझा १९९७ सालचा पेट्रोल पिकअप आहे. व्ही-८ इंजिन, डिस्ट्रिब्यूटरवालं (एकाच कॉइलचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारं). एका बाजूला १-३-५-७, दुसऱ्या बाजूला २-४-६-८ हे सिलिंडर, आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे ते पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. रिकामी गाडी सपाटीवर ठीक चालते, पण माल भरून चढ लागला की मिसिंग सुरू होतं, म्हणजे मधेच एखादा सिलिंडर पेटत नाही, झटके बसतात. पावसात तर फारच. स्कॅनरवर पी०३०० आणि पी०३०७ असे दोन कोड येतात. प्लग नवे टाकले, फरक नाही. मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोलू. खोलू का?

उत्तर : अजिबात घाई करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे, आणि ते ऐकून न घेता थेट इंजिन खोलायची भाषा झाली याचं मला वाईट वाटतं. रिंगा गेल्या असतील तर त्यांना पावसाशी काय देणंघेणं? कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब धरायची ताकद, गेलेला सिलिंडर कोरड्या दिवशीही मिस मारणारच, आणि बहुधा आयडलिंगला जास्त जाणवेल. फ्युएल फिल्टर तुंबला असेल किंवा पंप थकला असेल तर चढावर गाडीचा दम तुटेल हे खरं, पण तो दोषही पाऊस बघून येत नाही. भार आणि ओल, दोन्हींनी बिघडतो तो करंट.

भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. तेवढं व्होल्टेज चढलं की करंट सोपी वाट शोधतो. वायरीच्या रबराला बारीक चीर असेल, डिस्ट्रिब्यूटर कॅप तडकली असेल, तर तिथूनच तो इंजिनच्या लोखंडात उतरतो आणि प्लग कोरा राहतो. ओल असली की ही वाट आणखी सोपी.

ही गळती डोळ्यांनी दिसते. रात्री गाडी उघड्यावर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून चालू ठेवा, बॉनेट उघडा आणि फवाऱ्याच्या बाटलीने प्लग वायरींवर पाण्याचं अगदी बारीक तुषार मारा. टॉर्च बंद. जिथे गळती आहे तिथे निळसर ठिणगी नाचताना दिसेल, टिकटिक ऐकू येईल. बाही, ओढणी, हात, सगळं पंख्याच्या आणि बेल्टच्या लांब. चालू इंजिनात वायरीला हात लावायचा नाही.

मग इंजिन बंद करून कॅप काढा आणि आतून उजेडात फिरवून बघा. दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट आहे. ती खरवडून उपयोग नाही, कॅप बदलायची, सोबत तिच्या आत फिरणारा रोटरही. कॅपमधली टोकं हिरवी-पांढरी पडली असतील तरी तेच. प्लग नवे आहेत म्हणून त्यांना सोडू नका. पाना तिरका बसला की पांढऱ्या चिनी मातीला केसासारखी चीर जाते, आणि नवा प्लग पहिल्या दिवसापासून बाद होतो.

आता सात नंबरकडे येऊ, कारण पी०३०० म्हणजे नुसतं कुठेही होणारं मिसिंग, पण पी०३०७ म्हणजे सातवा सिलिंडर. तुमच्या फायरिंग ऑर्डरमध्ये पाचनंतर लगेच सातची पाळी आहे, आणि हे दोघं एकमेकांना खेटून आहेत. त्यांच्या वायरी एकाच क्लिपमधून समांतर गेल्या असतील तर पाचच्या करंटमुळे सातच्या वायरीतही करंट उठतो आणि सात नंबर वेळेच्या कितीतरी आधी पेटतो. या दोन वायरी एकमेकींपासून लांब ठेवा. ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडा. प्लग बदलताना वायरी काढून पुन्हा घाईत खोचल्या जातात, तेव्हा हे हमखास बिघडतं, म्हणून सगळ्यात आधी हेच तपासा. यात पैसा लागत नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर नवीन काही विकत घेण्याआधी अदलाबदल करा. सातचा प्लग दोनमध्ये, दोनचा सातमध्ये. कोड पुसा, चढावर गाडी न्या. कोड पी०३०२ झाला तर दोष प्लगबरोबर गेला. सातवरच राहिला तर वायर, कॅपचं टोक, इंजेक्टर, आणि त्यानंतर कॉम्प्रेशन. कॉइल सगळ्या सिलिंडरांना एकच असते, त्यामुळे ती मरगळली तर एकट्या सातला पकडणार नाही.

मेकॅनिकच्या शंकेचा निकालही लावता येतो. इंजिन गरम करा, इग्निशन आणि फ्युएल तोडा, सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून प्रत्येक सिलिंडर सारख्याच फेऱ्या फिरवा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तच्या ७५ टक्क्यांखाली नसावा. म्हणजे एक १६० दाखवत असेल तर दुसरा किमान १२०. सात खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन एकदम खाली असतील तर आधी गॅस्केटवर संशय घ्या. हे आकडे कागदावर हातात पडेपर्यंत इंजिन खोलायला होकार देऊ नका.

आणि एक ध्यानात ठेवा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर पाय सोडा, गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्याची आतली जाळी वितळू शकते.

प्रश्न : माझा जुना चार सिलिंडरचा कार्बोरेटरवाला पिकअप आयडलिंगला मिस मारतो, वेगात गेला की गुळगुळीत. स्कॅनर लागतच नाही. कोणता सिलिंडर ते कसं ओळखू?

उत्तर : थंड इंजिन चालू करा आणि लगेच एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांवर पाण्याचे थेंब टाका. तीन नळ्यांवर ते पटकन सुकतील, मिस मारणाऱ्यावर रेंगाळतील. वेगात गुळगुळीत होत असेल तर बहुतेक कुठून तरी हवा ओढली जातेय. गाडी उभी असताना व्हॅक्यूमचे पाइप एकेक चिमटून बघा, ब्रेक बूस्टरचाही. ज्याला चिमटल्यावर इंजिन सुधारलं, तो पाइप किंवा त्याच्या पुढचा भाग गळतोय. तिथे काही नसेल तर कार्बोरेटरखालचं आणि इनटेकचं गॅस्केट बघा. तेही ठीक निघालं तर त्या सिलिंडरच्या टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, फट तपासा. फट कमी राहिली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि ते आयडलिंगलाच जास्त कळतं.