कोंबडा कोणी नेला ते आधी पिसांना विचारा

ताई, तीन आठवड्यांत सहा तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणि शेवटी कोंबडाही गेला. आता जाळी कुठली आणू, आणि त्याची पिशवीभर पिसं जपून ठेवलीत त्यांचं काय करू, असं तुम्ही विचारलंय. जाळीचं दुकान गाठण्याआधी ती पिशवी अंगणात उजेडात ओता.

मोठी पिसं घ्या आणि दांडीचं टोक बघा. दांडी बुडापासून अख्खी निघालेली असेल, फार तर मध्ये चोचीची एखादी चेप असेल, तर काम पक्ष्याचं. शिकारी पक्षी बसून एकेक पीस उपटतो, त्यामुळे पिसं एका जागी गोल पडलेली दिसतात. दांडी कातरल्यासारखी तुटलेली असेल, चार-पाच पिसं लाळेने एकमेकांना चिकटलेली असतील, तर दाताचं जनावर. पिसांची रांग गडग्याकडे गेली असेल तर ते तिकडूनच आलं आणि तिकडूनच गेलं.

हे मी शिकलो ते नऊ कोंबड्या एका रात्रीत घालवून. सकाळी दार उघडलं तर दाराची कडी जशीच्या तशी, आत सगळ्या मेलेल्या, बहुतेकींच्या मानेवर चावा आणि खाल्लेली एकच. मी शेजाऱ्याच्या कुत्र्यावर आळ घेतला, दोन महिने बोलणं बंद. पुढे पावसाळ्याआधी कौलं चाळायला चढलो तेव्हा भिंत आणि कौल यांच्या मधल्या फटीत तीन पिसं अडकलेली सापडली, दांड्या तुटलेल्या. उदमांजर होतं, कौल सरकवून उतरलेलं. शेजाऱ्याकडे गेलो, चहा प्यालो, विषय काढायचं धाडस मात्र झालं नाही.

वेळही बघा. मुंगूस दिवसाढवळ्या येतं, उदमांजर आणि रानमांजर रात्रीचं. घार पिल्लं उचलते, मोठा कोंबडा तिला झेपत नाही. अंडी गायब आणि कवचाचा तुकडाही नाही, तर सापाचा संशय घ्या. साप अंडं अख्खं गिळतो. पिल्लं रात्री एकेक करून कमी होत असतील तर खुराड्याच्या कडेने घुशीचं बीळ शोधा. तुमचा कोंबडा रात्री गेला आणि दार बंद होतं, एवढ्यावरून माझा पहिला संशय छपरावर.

आता जाळी. षटकोनी भोकांची जी ‘चिकन मेश’ मिळते ती कोंबडी आत ठेवायला आहे, जनावर बाहेर ठेवायला नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंची भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्डिंगने जोडलेली जाळी, घ्या, महाग पडेल, पण घ्या. ती भिंतीवरून खाली आणून जमिनीशी बाहेरच्या बाजूला दीड फूट दुमडा आणि वर माती-चिरे टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरायला लागतं आणि जाळीवर येऊन थांबतं. कौलांखाली आतून तीच जाळी मारा. तुमची मूठ जिथून जाते तिथून मुंगूस सहज जातं, त्यामुळे प्रत्येक फटीत मूठ घालून बघा. दाराला नुसती कडी नको, कोयंडा लावून त्यात खिळा अडकवा. तिन्हीसांजेला मोजून आत घ्या. मोजणी चुकली की त्या रात्रीच नेमकं काहीतरी येतं, हा माझा अनुभव आहे, शास्त्र नाही.

घारीसाठी मासेमारीचं जुनं जाळं परसावर ताणून बांधा. कडा जमिनीला लोळू देऊ नका, धामण त्यात गुरफटून मरते, आणि धामण गेली की उंदीर-घुशी वाढतात. चकचकीत सीड्या आणि बुजगावणी आठवडाभर चालतात, मग घार त्यांच्या शेजारी येऊन बसते. त्यापेक्षा नवा कोंबडा आणा. वर घार दिसली की कोंबडा वेगळा आवाज काढतो आणि जमिनीवरच्या जनावरासाठी वेगळा. पहिला ऐकला की कोंबड्या झुडपात शिरतात. विष मात्र घालू नका. मुंगुसाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते विष आधी तुमच्याच कोंबड्या किंवा कुत्रा खाईल.

पिसांकडे येतो. रक्ताची आणि तुटलेली बाजूला काढा, ती शेणखतात मिसळून माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरा. पिसांत नत्र भरपूर, पण कुजायला वेळ फार, आणि वरवर पुरलीत तर कुत्री रात्रीत उकरतील. कोंबडा रोगाने मेला असता तर एकही पीस ठेवू नका म्हटलं असतं. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून हा नियम मी मोडलेला नाही.

चांगली पिसं पिशवीत बंद करून तीन दिवस फ्रीजरमध्ये, एक दिवस बाहेर, परत तीन दिवस आत. उवा आणि त्यांची अंडी त्याने मरतात. मग कोमट पाण्यात थेंबभर शाम्पू, चोळायचं नाही. शेपटीची हिरवी झाक धुतल्याने जात नाही, ती नुसत्या रंगाची नसून पिसाच्या बांधणीतून दिसते. सावलीत वाळवून बोटाने बुडापासून टोकाकडे सरळ करा, फिसकटलेले तंतू पुन्हा जुळतात. डब्यात डांबराच्या गोळ्या टाका, नाहीतर कसर लागते.

शेपटीच्या कोयत्यासारख्या पिसांचा झटकणी-कुंचा छान होतो. शिवणयंत्राला, बिजागरीला तेल लावायला पिसासारखं साधन नाही, आमच्या घरी तेलाच्या बाटलीत एक कायम खोचलेलं असतं. मानेच्या लांब निमुळत्या पिसांना, मासे फसावेत म्हणून गळाला लावायच्या खोट्या माश्या बांधणारे विचारतात. याच कामासाठी आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याची मानेची पिसं पूर्वी परदेशी जायची आणि त्यापायी तो मारला जायचा, म्हणून पिशवीत रानातलं एखादं पीस मिसळलं असेल तर ते विकू नका. कानात पीस फिरवायची सवय मात्र घरात कुणाला असेल तर मोडा.

आधी दोन-चार दांड्यांच्या टोकांचा जवळून फोटो टाका, आणि कौलाखालच्या फटीचाही. मग जाळी किती लागेल ते मोजू.